तांदळातलं नाव

"लिही, 'लग्नात माझं नाव हिसकावून घेतलं,'" कुमुदआत्या म्हणाली. अकरा महिन्यांत मोडलेल्या लग्नाची गोष्ट ती चाळीस वर्षांनी सांगत होती आणि भाची ती आत्याच्या पुस्तकासाठी लॅपटॉपवर उतरवून घेत होती.

"पण आत्या, त्यांनी तांदळात लिहिलेलं नवं नाव कुठलं? ते पुस्तकात कुठेच आलं नाही."

ताटात पसरलेले तांदूळ, त्यांवर अंगठीने अक्षरं गिरवणारा नवऱ्याचा हात आत्याला दिसला. लिहून झाल्यावर एकोणीस वर्षांच्या नवरीकडे वाकून त्याने हळूच विचारलं होतं, "आवडलं का?" तोवर तिला असं कुणी काही विचारलंच नव्हतं. पुढे त्यानेही कधी विचारलं नाही. माहेरी परतल्यावर ती पुन्हा कुमुद झाली, शिकली, मुख्याध्यापिका झाली, स्वतःच्या घरात सुखाने राहिली. त्या नावाने मात्र परत कुणी हाक मारली नाही.

"खोड ते वाक्य," ती म्हणाली. "हिसकावून नव्हतं घेतलं. मला आवडलं होतं. शर्वरी."

भाचीने ते टाइप केलं आणि सहज मोठ्याने हाक मारून पाहिली, "शर्वरी!"

"ओ," आत्या म्हणून गेली.