मांदेलीचा वाटा

बायको वारल्यापासून कमळाकर स्वतःच रांधत होते. मुलगी फोनवर सांगायची, "पपा, रोज नवीन काही करत बसू नका. कालचं आज चालतं. कंटाळा आला तर नुसता वरणभात टाका." तेवढं त्यांना जमायला लागलं होतं. अडायचं ते फक्त बुधवारी.

करंजाड्याच्या नाक्यावर वेणू मासे घेऊन बसायची. तिच्याकडचा मांदेलीचा वाटा दोन माणसांना पुरायचा. अर्धा मागितला तर ती कारण विचारणार, म्हणून कमळाकर वर्षभर अख्खाच वाटा घेत आले होते. उरलेली मांदेली जिन्यातल्या मांजरीला जायची. सुरुवातीला वेणू विचारायची, "काकी कशी हाय?" ते म्हणायचे, "बरी आहे." हल्ली ती विचारत नव्हती, त्यामुळे त्यांनाही सोपं झालं होतं.

आज त्यांनी पिशवी पुढे केली, तर वेणूने न विचारता वाटा मोडला. अर्धी मांदेली त्यांच्या पिशवीत टाकली आणि अर्धी स्वतःच्या डब्यात.

"अगं वेणूताई, अख्खा दे की. दोघं आहोत आम्ही."

तिने मान वर केली नाही. डब्याचं झाकण लावत म्हणाली, "असू दे, काका. माजा मालक गेला तवा मी पन वरीसभर दोगांचाच भात रांदायची."