आकड्यांतलं नाव

जवळ सरका, मायबाप. हातातले टाळ घडीभर खाली ठेवा. वालूरकडच्या एका वाडीतली गोष्ट सांगतो, लय मोठी न्हाई.

सप्त्याचा शेवटचा दिवस. मंडपात काल्याचं कीर्तन रंगलेलं आणि कडेला लॅपटॉपपुढं राजेश्रीची बोटं अडलेली. अकराला पंगतीचा निरोप पंचक्रोशीतल्या फोनांवर जायचा होता. कालच्या अन्नदात्याचं नाव काढायचं, आजचं घालायचं, एवढंच तिचं रोजचं काम. पण निरोप पाठवणारी साइट मोठी सोवळ्याची. निरोपाच्या कोडमध्ये नाव अवतरणचिन्हांत लिहावं, तर ते चिन्ह दिसलं की साइट सगळंच परत पाठवायची. म्हणून राजेश्री अक्षराऐवजी त्याचा ठरलेला आकडा लिहायची. आकडे जोडले की पलीकडं नाव उभं राहायचं.

आजची पंगत दगडाबाईची. तीस वर्षं तिनं सप्त्याच्या भाकरी थापल्या. पोटी मूल न्हाई, मागं कुणी न्हाई. माघात गेली. जायच्या आधी आठ पोती ज्वारी देवळात टाकून म्हणाली, "एक पंगत माझ्या नावानं होऊ द्या."

सप्त्याचे अध्यक्ष दत्तराव तिच्या पाठीमागं येऊन उभे राहिले. राजेश्रीचं कॉम्प्युटरचं दुकान त्यांच्याच गाळ्यात.

"आमच्या आबांचं नाव टाक, पोरी. बजरंगराव. म्हातारीला इचारणारं कोण हाय?"

"ज्वारी तिची हाय, काका."

"अन् गाळा कुणाचा हाय?"

राजेश्री लॅपटॉपकडं वळली. एक आकडा लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. २३४२. २३२७. २३३७. दत्तराव वाकून बघायले.

"मटक्याचे आकडे लावायलीस का काय?"

"साइटला असंच लागतंय, काका."

"नाव बरोबर हाय न्हवं?"

"बरोबर हाय. एकदम बरोबर."

"मग पाठव."

दत्तराव पुढं जाऊन आपल्या खुर्चीवर बसले.

अकरा वाजले. मंडपभर फोन वाजले. एका टाळकऱ्यानं आपला फोन बुवांपुढं धरला. बुवांनी वाचलं, चाल थांबवली, डोळे मिटले.

"आजची पंगत दगडाबाईची! उठा, त्या माउलीला हात जोडा!"

अख्खा मंडप उठला. दत्तरावांनाही उठावं लागलं. त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर राजेश्रीनं गाळ्याची किल्ली ठेवली आणि भाकरी वाढायला निघाली.

मायबाप, आज जेवायला बसाल तेव्हा पहिला घास मोडताना दगडाबाईची आठवण काढा.