कर्मचारी क्रमांक चार

धाकट्यांनी फोन तिसऱ्यांदा पैसे भरायच्या यंत्राला लावला आणि यंत्राने तिसऱ्यांदा नाही म्हटलं. काउंटरवर काच चिकटवायच्या सिलिकॉनच्या चौदा नळ्या मांडलेल्या होत्या. मागे चार गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. फोनच्या पडद्यावर अक्षरं उमटली. 'फील्ड कर्मचारी क्रमांक चार. आजची मर्यादा संपली. मंजुरीसाठी कारण लिहा.'

वय वर्षं अठ्ठावन्न. त्यातली एकतीस काचेच्या धंद्यात. कंपनीत भावाबरोबर निम्मी भागीदारी. आणि क्रमांक चार! धाकट्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी गाडीत डिझेल भरलं, तेवढ्यात दिवसाची मर्यादा संपली होती. तिकडे एका शोरूमच्या दारात आठ फुटी काच दोन कामगार हातांनी धरून उभे होते. धाकट्यांनी एका बोटाने कारण लिहिलं, 'काच पडेल.' पुतण्याचं उत्तर लगेच आलं, 'काका, आधी बिलाचा फोटो जोडा.' विकत घेतल्याशिवाय बिल कुठून आणायचं, हे त्या दीडशहाण्याला कोण सांगणार?

दुकानदार जुना माणूस. माल घेऊन जा, पैशांचं मागाहून बघू, असं तो हळूच म्हणाला. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने आवाज खाली आणला होता, आणि तेच धाकट्यांना जास्त लागलं. त्यांनी खिशातल्या सगळ्या नोटा काउंटरवर ठेवल्या, नळ्या उचलल्या आणि मागे न बघता बाहेर पडले.

ही कार्डं पुतण्याने तीन महिन्यांपूर्वी आणली. ती हातात धरता येत नाहीत, नुसती फोनमध्ये दिसतात. प्रत्येकाला एक कार्ड, प्रत्येकाची मर्यादा वेगळी, आणि कोणी कुठे किती खर्चले ते त्याच क्षणी पुतण्याला कळतं. चोरी थांबेल, असं तो म्हणाला होता. कोणाची चोरी, हे धाकट्यांनी तेव्हा विचारलं नाही. दादाने कागद पुढे केले आणि त्यांनी सह्या ठोकल्या. दादाने पुढे केलेला कागद त्यांनी आयुष्यात कधी वाचलेला नव्हता.

त्याआधी दोघांचा एकच खण होता. ज्याला लागतील त्याने त्यातून पैसे घ्यायचे आणि चिठ्ठी टाकायची. दोघांपैकी एकानेही दुसऱ्याची चिठ्ठी कधी उलगडून पाहिली नाही.

काच बसली. कडेने सिलिकॉन भरून झालं. कामगारांना चहाला पाठवून धाकटे एकटेच गाडी घेऊन निघाले. वाटेत त्यांनी मनातल्या मनात वाटणीसुद्धा करून टाकली. गाडी आपली, काच कापायचं टेबल आपलं, येतील ते कामगार आपले. ऑफिस, तो पुतण्या आणि त्याची ती न दिसणारी कार्डं दादाला लखलाभ. बायको वर्षभर हेच सांगत होती. बोलणारा पुतण्या असला तरी बोलविता धनी वेगळाच आहे, थोरले पंख्याखाली बसून नामानिराळे राहतात आणि तुम्ही उन्हात हात कापून घेता. आजवर ते तिच्यावरच डाफरत आले होते. आता त्यांना तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं होतं.

ऑफिसात पुतण्या त्याच्या काचेच्या केबिनमध्ये होता. कानांवर हेडफोन, पाठ बाहेरच्या बाजूला. ती काच धाकट्यांनीच बसवली होती. दादाचं टेबल हल्ली दाराजवळ आलं होतं. धाकट्यांनी खुर्ची घेतली नाही.

"दादा, वाटणी कर. आजच्या आज."

दादाने भांडावं, निदान आवाज तरी चढवावा, असं धाकट्यांना वाटत होतं. तो गप्प राहिला तसा त्यांचा तोल सुटला. दुकानातली शोभा, ते कारण, तो बिलाचा फोटो, सगळं त्यांनी एका दमात ओकून टाकलं. आपल्या रक्तावर उभी केलेली कंपनी आणि आपल्यालाच नंबर! समोरच्या कारकून बाईंनी मान खाली घातली. हेडफोनमुळे केबिनमध्ये पुतण्याच्या कानांपर्यंत काहीच पोचलं नाही.

"मुलाच्या आडून वार कशाला करतोस?" धाकटे म्हणाले. "भाऊ नको झाला असेल तर तोंडावर सांग ना."

दादाने खिशातून स्वतःचा फोन काढला. चष्मा कपाळावर सरकवून, एकेक बटण चाचपत त्याने एक पान उघडलं आणि फोन टेबलावरून पुढे ढकलला.

धाकट्यांनी रागारागातच वाचलं. 'ऑफिस कर्मचारी क्रमांक सात.' आकडा दोनदा वाचला. दादाची दिवसाची मर्यादा त्यांच्या मर्यादेच्या निम्मीसुद्धा नव्हती. खाली दादाच्या विनंत्यांची यादी होती. पेनाच्या दोन कांड्या, मंजूर. घरी जायला रिक्षा, नामंजूर. चहा दोन कप, कारण: धाकटा दमून आला आहे, नामंजूर.

धाकट्यांनी केबिनकडे पाहिलं, मग दादाकडे पाहिलं. दादाने फोन परत घेतला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

"बँकेचं काम सोपं होईल, असं पोरगा म्हणाला," दादा म्हणाला. "मीही न वाचताच सह्या केल्या."

धाकट्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"वाटणी कर तू," दादा म्हणाला. "फक्त मला तुझ्या वाट्याला घे."