कवचाचं कापड

लेचाई हजारिकाने पान-सुपारीची पितळी शराई, मानाचं तबक, रंगदोईपुढे सरकवली. म्हातारीने तिला हातसुद्धा लावला नाही.

"उन्हं वर आली, मावशी. मोगल नदीच्या वळणापर्यंत आलेत, आणि आमचे पाइक वल्ह्याला हात लावत नाहीत."

"का? मेहंदी लावलीय हाताला?"

"फुकनांच्या कमरेला कवचाचं कापड नाही."

सरकी काढण्यापासून विणण्यापर्यंत सगळं एका रात्रीत व्हायचं. बाईमाणसाने राजीखुशीने दिलेलं ते कापड बांधल्याशिवाय कुणी लढाईला निघत नसे. मग सेनापती फुकनच तसा निघाला, तर पाइकांनी कुणाच्या भरवशावर निघायचं?

लेचाईची मान वर होत नव्हती. तो दूरच्या सदियाहून नुकताच या छावणीत आलेला. आठ दिवसांपूर्वी याच घरचा सेंगाई तटाचं काम सोडून झोपलेला त्याला सापडला, आणि त्यानेच ते फुकनांच्या कानावर घातलं. फुकनांनी सगळ्यांदेखत स्वतःच्या तलवारीने पोराची मान उडवली. पोराने कुणाचं नाव घेतलं नाही, गयावया केली नाही. दुसऱ्या दिवशी तट उभा राहिला. लेचाईला मात्र तेव्हापासून घास गोड लागत नव्हता.

"माझं पोर मारलं, आणि आता माझ्याकडेच कापड मागतो?" रंगदोई म्हणाली. "जनाची नाही तर मनाची तरी ठेवायची."

"त्यांना बायको नाही, मावशी. मी म्हटलं, दुसरीकडे बघू. तर म्हणाले, त्याच घरी जा. नाही म्हणाल्या तर मुकाट्याने परत ये."

"स्वतः यायला पाय मोडले होते?"

"चार दिवस ताप आहे. नावेत आडवे पडून हुकूम सोडतात."

"खातो काही?"

"पेज."

"मासे देऊ नका तापात," एवढं बोलून ती आत गेली.

लेचाई उठून उभा राहिला. आता दार लागणार, आणि रिकाम्या हाताने परतलो तर दुपारपर्यंत मोगल गावात शिरणार.

ती आली ती घडी घातलेलं कापड घेऊन.

"इतक्यात कसं? हे तर एका रात्रीत..."

"एका रात्रीतच विणलंय. पोरं छावणीला निघाली, त्याच्या आदल्या रात्री."

लेचाईने पुढे केलेले हात मागे घेतले. त्याला रडू आवरेना.

"सेंगाईचं नको, मावशी. फुकन ते बांधायचे नाहीत. मी तरी कोणत्या तोंडाने नेऊ?"

"सेंगाईचं त्याच्याबरोबर मातीत गेलं. परक्याच्या तलवारीपासून राखतं ते, घरच्याच्या नाही." तिने कापड त्याच्या हातात कोंबलं. "त्या रात्री मी दोन विणली होती. थोरला घाईत तसाच गेला, त्याचं हे राहिलं. तुझ्या फुकनाला म्हणावं, थोरल्या, आईने दिलंय."