सुया थांबल्या की

श्रोतेहो, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकू नका, डुलकी लागते. गोष्ट ऐकण्याचीच आहे, तेव्हा मनाला दोन घटका आवरून धरा.

म्हातारा लेखक नेहमीसारखा पाय हलवत वाचत होता. समोरच्या खुर्चीत त्याची मुलगी विणत होती. शेवटच्या प्रकरणाचं शेवटचं पान आलं, तरी तिच्या सुया चालूच. त्याने कागद मांडीवर आपटले.

"नापास!"

"अहो बाबा, एक शब्द सोडला नाही मी. चांगलं झालंय की."

"तुला काय कळतंय? सुया कुठे थांबल्या तुझ्या?"

मग त्याने कधी कुणाला न सांगितलेलं सांगितलं. त्याची पुस्तकं कुठलाच प्रकाशक काढत नसे. तोच छापून घ्यायचा, तोच पार्सलं बांधायचा, तोच टपालात टाकून यायचा. उरलेल्या प्रती पलंगाखाली जायच्या. तिथे आता केरसुणीही शिरत नव्हती. संपादक नाही, समीक्षक नाही. होती ती बायको. तो मोठ्याने वाचायचा, ती समोर बसून विणायची. ज्या पानावर तिच्या सुया थांबल्या, ते पान ठेवायचं. नाही थांबल्या, तर फाडायचं. सगळी पुस्तकं अशीच झाली. आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर एकच ओळ : 'जिने आधी ऐकलं तिला.'

ती गेली तेव्हा हे पुस्तक शेवटच्या प्रकरणावर अडलं होतं. अजून तिथेच होतं. छापखानेवाला फोन करून थकला. वाचायला बसावं, तर समोर नुसती खुर्ची, तिच्यावर अर्धी विणलेली बाही. म्हणून आज मुलीला बसवलं होतं. आईच्याच सुया हातात दिल्या होत्या. आजही काही ठरलं नाही, तर सगळे कागद रद्दीत घालायचे आणि पुन्हा पेन हातात धरायचं नाही, हे त्याने पक्कं केलं होतं.

"तुझ्या आईचा कान म्हणजे कान होता," तो म्हणाला. "एक शब्द खोटा पडू दे, लगेच सुया सुरू."

मुलीने विणकाम खाली ठेवलं. लोकर बोटाला गुंडाळली, सोडली.

"बाबा, आईला ऐकू येत नव्हतं."

"कधी?"

"तुमच्या शेवटच्या चार-पाच पुस्तकांच्या वेळी तरी नाही. कानाच्या डॉक्टरांकडे मीच नेलं होतं तिला. यंत्राचाही उपयोग नाही म्हणाले."

"काहीतरी बरळू नकोस. एका घरात राहून मला कळलं नसतं?"

"तुम्ही कधी काही विचारायचात का तिला? तुम्ही बोलायचात. ती मान हलवायची."

त्याने चष्मा काढला. पुसला नाही, नुसताच हातात धरला.

"मला सांगायचं होतंस."

"शपथ घातली होती तिने. म्हणाली, दुसरं ऐकणारं माणूस कुठून आणतील गं ते?"

त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग तो अगदी हळू म्हणाला, "पण सुया थांबायच्या. मी बघितलंय."

"तुमच्या पायाकडे बघून." मुलगी रडता रडता हसली. "सारखा हलवून घर हादरवता ना! मनापासून लिहिलेलं वाचायला लागलात की तो आपोआप थांबतो. तो थांबला की ती थांबायची."

मुलगी तोंड धुवायला आत गेली. त्याने शेवटचं प्रकरण रिकाम्या खुर्चीला पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी मध्ये मध्ये पायाकडे बघत. पाय हलत होता. शेवटच्या शब्दापर्यंत हलत होता. त्याने ते प्रकरण फाडलं.

मग पहिलं पान घेतलं. जुनी ओळ खोडली, खाली नवी लिहिली आणि खुर्चीकडे बघत वाचली : 'जिला ऐकू येत नव्हतं, तरी जी रोज समोर बसली तिला.'

पाय थांबला होता.

पुस्तक त्या प्रकरणाशिवायच छापायला गेलं. श्रोतेहो, देव तुमचे कान शाबूत ठेवो. पण कुणी हौसेने तुमच्यापुढे काही वाचायला बसलं आणि तुम्हाला उठावंसं वाटलं, तर त्या विणणाऱ्या बाईची तेवढी आठवण ठेवा.