शुद्ध थाप

ओहायोतल्या वेंडेलचा फिरत्या ईमेलवर काडीचा विश्वास नव्हता. आजच्या मेलमध्ये व्हिएतनाम युद्धात सोबत्यांना वाचवायला हातबॉम्बवर झेपावून मेलेला वीर होता. खाली ताकीद, "खरे देशभक्त असाल तर दहा जणांना पाठवा." फोटो मात्र शेजारच्या क्लाइडचा, ऐन तारुण्यातला!

वेंडेलने सगळ्यांना ताबडतोब कळवलं, "शुद्ध थाप! हा वीर माझ्या शेजारी गवत कापतोय."

मग तो मेल छापून घेऊन कुंपणापाशी गेला. "काय रे क्लाइड, कधी मेलास? का तूच सोडलीस ही पुडी?"

क्लाइडने यंत्र बंद केलं. कागद दोनदा वाचला.


"गोष्ट खरी आहे, वेंडेल. फोटो तेवढा चुकलाय. मेला तो लेरॉय. वाचलेल्यांत मी होतो."