सुप्रभा, चावी!

कप भिंतीवर आपटून फुटला, आणि गंधारच्या हातातलं रिव्हॉल्व्हर निसटता निसटता राहिलं.

“चहा म्हणतात का ह्याला? कोमट पाणी!” कमलाकर खुर्चीतूनच गरजले.

सुप्रभाकाकू पुढे आल्या. गुडघ्यांवर बसून डाव्या हाताने तुकडे वेचू लागल्या. उजव्या मनगटाला पट्टा होता. बाथरूममध्ये घसरले, असं त्यांनी दारातच सांगून टाकलं होतं. गंधारने विचारलंही नव्हतं.

गंधार ब्रॅकनेलहून हॅरोला आला होता तो हे रिव्हॉल्व्हर पाहायला, पटलं तर घ्यायला. नेमबाजीच्या क्लबात ह्या रिव्हॉल्व्हरचा मोठा दबदबा. कमलाकरांच्या कपाटातल्या निम्म्या ढाली त्याने मिळवून दिलेल्या. इथल्या ब्रिटिश कायद्याची लांबी भरायला फूटभर नळी आणि मागे वीतभर दांडी, एवढं सोडलं तर बाकी सगळं कमलाकरांनी आपल्या लहरीनुसार बदलून घेतलं होतं. मूठ त्यांच्या पंजाच्या मापाची, चाप लोण्यासारखा, घोड्याचं, म्हणजे हॅमरचं, शेपूट छाटलेलं. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला कोट घेताना माणूस दहादा विचार करतो. गंधारही करत होता, पण तोंडाला पाणी सुटलं होतं हे खरं.

एकच गोष्ट त्याला आल्या आल्या टोचली होती. कमलाकरांनी बसल्या जागेवरून हाक मारली होती, “सुप्रभा, चावी!” आणि काकूंनी स्वयंपाकघरातून तिजोरीची चावी आणून दिली होती.

“काका, चावी फक्त लायसन्सवाल्याकडे हवी ना? पोलिसांना कळलं तर?”

“माझ्या घरात मी उठू?” कमलाकर हसले होते. “अरे, ते साफसुद्धा हीच करते. दातांची डॉक्टर होती ना हॉस्पिटलात. हात बारीक चालतो.”

इकडची काडी तिकडे न करणारी माणसं पुष्कळ असतात. पण बंदुकीची चावीही बायकोकडून मागवणारा नवरा गंधारने पहिल्यांदाच पाहिला.

त्याने सिलिंडर उघडलं. सहाही घरं रिकामी, आरशासारखी लख्ख.

“शेवटचं कधी चालवलंत?”

“दोन वर्षं झाली. खांदा गेला, रेंज सुटली. पण आता बरा आहे. हे गेलं की नवं घेणार. शनिवारी डीलरकडे जायचंय.”

गंधारने चाप दाबून धरला आणि टॉर्च लावून आत पाहिलं. गोळीवर आपटणाऱ्या पिनेचं टोक छिद्रातून तांदळाच्या कणीएवढं बाहेर यायला हवं. ते आलंच नाही. त्याने पुन्हा पाहिलं. पीन झिजली नव्हती. घासली होती, इतक्या सफाईने की कानशीचा ओरखडासुद्धा नव्हता. हे रिव्हॉल्व्हर आता भिंतीवर टांगायच्या लायकीचं होतं.

त्याने मान वर केली. तुकडे वेचणारा हात थांबला होता. काकूंच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

“काय बघतोयस एवढं?” कमलाकर उठले. आज पहिल्यांदाच उठले. “वाजत नाही म्हणायचंय? गोळ्या फालतू होत्या! बॉक्स बदलला तरी नुसतं टक्. रिव्हॉल्व्हरला काही झालेलं नाही!”

बोलता बोलता त्यांचा पाय काकूंच्या बोटांवर पडला. पडला कसला, त्यांनी तो ठेवला, आणि दाबला. खालून तुकडा करकरला. काकूंनी ओठ मिटून घेतले. कार्पेटवर लाल डाग पसरू लागला.

“काका, पाय!” गंधार ओरडला.

कमलाकरांनी पाय काढला. गंधारचं डोकं भणभणत होतं. पीन घासलीय असं म्हणावं, तर घासणारी समोरच बसलेली. आणि आज ना उद्या दुरुस्त होणारं हे रिव्हॉल्व्हर ह्या घरात ठेवून जावं, तर तेही पाप. काकू त्याच्याकडे बघून अगदी बारीक मान हलवत होत्या. बोलू नकोस, असंच त्या म्हणत असणार.

“ए-वन आहे,” तो म्हणाला. “मी घेतो.”

सह्या झाल्या. कमलाकर खूश होऊन पुन्हा खुर्चीत रेलले. हाताला रुमाल गुंडाळून काकू त्याला पोहोचवायला दाराबाहेर आल्या. गंधारने पेटी गाडीत ठेवली आणि परत येऊन हळूच म्हणाला, “काकू, मी कुणाला सांगणार नाही. आणि आता ते तुमच्या घरात नाही. घाबरू नका.”

“अरे वेड्या, मान कशाला हलवत होते मी?” काकू म्हणाल्या. “घेऊ नकोस म्हणून! ते मेलेलं होतं म्हणून मी जिवंत होते. आता शनिवारी चालणारं येईल.”

गंधार हिशेब करू लागला. ज्याने दोन वर्षांत रेंजचं तोंड पाहिलं नाही, त्याला गोळ्या वाजत नाहीत हे कुठे कळलं? पोलिसांना लावायला त्याने खिशातून फोन काढला. राग इतका आला होता की नंबर नीट दिसेना.

“सुप्रभा, पाणी!” आतून हाक आली.

काकूंचं पाऊल सवयीने आत वळलं. ते त्यांनी मागे घेतलं. मग त्यांनी दार बाहेरून ओढून घेतलं. लॅच लागलं. पायात घरातल्याच सपाता होत्या.

“लाव फोन,” त्या म्हणाल्या. “आणि त्यांना नीट सांग. माझ्यावर दोनदा चाप ओढलाय त्याने. दोन्ही वेळा चावी मीच आणून दिली होती.”